साखर कुणाच्या माहेरची

परवा कारखान्याचा भोंगा वाजला आणि हंगाम सुरू झाला. आमच्या निरगुडसरपासून पारगावचा साखर कारखाना जवळच. वारा तिकडून असला की मळीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. आंबट, करपट आणि त्याखाली गोड. रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात आणि मागं उसाची टिपरं सांडत जातात. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं. त्याची काजळी तरंगत येते, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसते, आणि झटकायला गेलं की फिसकटून जास्तच पसरते.

हा वास आला की गावातली माणसं खुलतात. माझे दात आवळले जातात.

माझी मुलगी ओवी आता शाळेत जाते. घरात सगळं ठीक आहे. झालं गेलं विसरावं, असं मला सांगणारी माणसं पुष्कळ भेटली. पण मी विसरले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही. माणसं पुण्यतिथ्या पाळतात तसा मी हा हंगाम पाळते.

मी जुन्नरच्या पश्चिमेची. डोंगराच्या कुशीतलं गाव, खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईच्या उतरत्या पट्ट्या. आमच्याकडे गोड म्हणजे सणाला. निरगुडसरला लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी चहाचा घोट घेतला आणि ओठ एकमेकांना चिकटले. सासूबाई म्हणाल्या, "पी, पी. डोंगरात कुठं मिळती एवढी साखर!" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. त्या हसून म्हणाल्या, म्हणून मीही हसले. पण डोंगरावरची पोरगी आपण पदरात घेतली, हे त्या कधी विसरल्या नाहीत, आणि मलाही विसरू दिलं नाही.

पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. सातव्या महिन्यात दवाखान्यात गोड पाणी प्यायला दिलं, थोड्या वेळानं रक्त काढलं आणि साखर जास्त आहे, जपायला हवं, असं सांगितलं. घरी येऊन मी आत्याबाईंना ते सांगितलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोड पाणी पाजून रगत काढल्यावर साखरच निघंल. मीठ निघंल व्हय?"

सगळे हसले. माझा नवरा संतोष हसला, मीसुद्धा हसले. वाक्यच तसं होतं.

मग डिंकाचे लाडू आले. तुपातला शिरा आला. गुऱ्हाळावरून काकवी आली, रोज सकाळी भाकरीवर ओतून. "दोघांचं खायचं असतंय," आत्याबाई म्हणायच्या आणि ताट संपेपर्यंत समोर बसायच्या. माझं पोट भराभर वाढलं. बायका म्हणायच्या, पोरगं पैलवान आहे. नवव्या महिन्यात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की कालपासून पैलवान हलला नाही.

त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहीन. तो मुलगा होता, आणि तो जिवंत नव्हता.

मी घरी आल्यावर आण्णा भेटायला आले. आण्णा म्हणजे माझे वडील. बरोबर मामा आणि चुलते होते. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. सासरकडचे लोकही जमले होते. चहा झाला. मग आत्याबाई दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "पोरीच्या अंगात साखर हाय हे लपवून आमच्या गळ्यात मारली तुमी. तुमच्या घरातली साखर आमच्या नातवाला खाऊन बसली."

मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. दाराच्या फटीतून मला आण्णा दिसत होते. आयुष्यभर भाताच्या चिखलात उभा राहिलेला माणूस, कुणाचं एक शेत दाबलं नाही, कुणाला वाकडा शब्द नाही. त्यांनी हात जोडले. "आमाला खरंच माहीत नव्हतं, ताई. चुकलं असंल तर पोटात घाला."

पोटात घाला! माझं पोट तेव्हा नुकतं रिकामं झालं होतं. तिथं, त्या फटीशी बसून मी ठरवलं की या बाईला हे वाक्य परत गिळायला लावीन. रडले नाही. रडण्यापेक्षा त्या विचारानंच मला जास्त धीर आला. पुढं कित्येक महिने मी भाकरी थापताना, धुणं आपटताना, गोठा झाडताना तोच विचार चघळत राहिले. दुःख माणसाला आडवं करतं. सूडानं मला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा पावसाळा भरात होता. मी कुणाला सांगण्याआधी संतोषला मोटारसायकलवर बसवून मंचर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासणी लवकरच करून घेतली. साखर जास्त निघाली. मी विचारलं, "हे माहेरून आलेलं असतं का?"

त्या म्हणाल्या, "गरोदरपणात वारेतून जे रस सुटतात ना, ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. काहींचं शरीर ते पेलतं, काहींचं नाही. घराण्यात असलं तर धोका वाढतो, पण तुझ्या वडिलांनी काही लपवलं म्हणून हे झालेलं नाही. आणि आता आपण सांभाळलं तर बाळ छान होईल."

संतोष खाली बघत होता. मी म्हटलं, "ऐकलं ना? घरी गेल्यावर विसरू नका."

मग माझा हंगाम सुरू झाला. बाहेर उसाच्या तोडी लागल्या आणि आत मी साखर मोजायच्या यंत्रासाठी बोटं टोचायला लागले. जेवणाआधी, जेवणानंतर. बोटांची टोकं खरखरीत झाली, धणे निवडताना चुणचुणायची. खाण्याच्या पथ्यानं भागेना तेव्हा इन्सुलिन आलं. पोटाच्या बाजूला चिमटीत कातडी धरायची आणि सुई टोचायची. पहिल्या दिवशी सुई कातडीपाशी नेऊन मागं घेतली. मी डोळे मिटले, दारात उभं राहून बोलणारी बाई आठवली, आणि सुई सरळ आत गेली. पुढं कधी सुई मागं घेतली नाही.

इन्सुलिन फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीशेजारी ठेवलेलं असायचं. आत्याबाई फ्रिज उघडायच्या आणि म्हणायच्या, "दवाखाना केला घराचा."

आण्णांनी माझ्यासाठी नाचणी पाठवली. मला वाटलं, आता माहेरच्या भाकरीनं सगळं जिंकीन. दोन दिवस पोटभर खाल्ली आणि आकडा चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाकरी कुठलीही असो, किती खातेस ते बघ. बरोबर डाळ, अंडं, पालेभाजी घे. आणि जेवल्यावर चाल." मग अर्धी भाकरी, वाटीभर मटकी, मेथी, उकडलेलं अंडं. भूक लागायची. उसाच्या मोळ्या जाताना बघून लाळ सुटायची, खोटं कशाला सांगू. गाडीमागं धावणारी पोरं टिपरू ओढून दातांनी सोलायची, त्याचा तो कच्चा ओला वास यायचा आणि मी पदर नाकाला लावायचे.

चालायचं म्हटलं तर बिबट्या. ऊस तुटायला लागला की त्याचं घर मोडतं आणि तो बांधाबांधानं फिरतो. आमच्या भागात दिवेलागणीनंतर बाईमाणूस एकटं बाहेर पडत नाही. म्हणून संध्याकाळचं जेवण मी उजेडातच उरकायला लागले, आणि मग गोठ्यापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या. संतोष हातात काठी घेऊन, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून माझ्यामागं चालायचा. आईपुढं त्याची जीभ कधी उचलली नाही, पण त्या हंगामात एकही संध्याकाळ त्यानं चुकवली नाही. म्हणून माझ्या रागात त्याचा वाटा मी थोडा कमी ठेवला.

तरीही मध्येच दुपारचा आकडा वाढायचा. तेच जेवण, तेवढंच चालणं, आणि आकडा वर. मला कळेना. माझी आमटी मी वेगळ्या पातेल्यात करून ठेवायचे. एकदा गोठ्यातून नेहमीपेक्षा लवकर आत आले, तर आत्याबाई त्या पातेल्यात गुळाचा खडा सोडत होत्या. डावानं ढवळतसुद्धा होत्या, नीट, प्रेमानं.

"आत्याबाई, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. "चव नको का जरा? त्या यंत्राचं ऐकून पोटातलं पोर उपाशी मारती तू. पहिलं गेलं तेवढं बास न्हाई का?"

आपण नातवाला पोसतो आहोत असंच त्यांना वाटत होतं. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण कळल्यानं माझा राग तसूभर कमी झाला नाही. मी ते पातेलं उचललं, अंगणात नेलं आणि आमटी कुत्र्यापुढं ओतली. मग संतोषला हाक मारली.

"मला दुसरी शेगडी आणून द्या. आजच. तुम्ही मध्ये पडू नका, काही बोलू नका, फक्त शेगडी आणा."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "चूल वेगळी करती! एकाच घरात! गाव थुंकंल तोंडावर."

"थुंकू द्या," मी म्हटलं. "पुसून घेईन."

संतोष आईकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि किल्ली घेऊन बाहेर पडला. संध्याकाळी पडवीत माझी शेगडी पेटली. दुसऱ्या दिवसापासून आकडे खाली आले. त्या आकड्यांकडे बघताना मला जे सुख व्हायचं तसं सुख मला पुरणपोळीनं कधी दिलं नव्हतं.

त्याच सुमाराला मला दुसरं काही दिसायला लागलं. आत्याबाईंच्या टाचेला काटा लागला होता, ती जखम भरत नव्हती. तांब्यावर तांब्या पाणी पीत होत्या. सारख्या उठत होत्या. बोटं टोचून टोचून मी ज्या गोष्टी शिकले होते त्या सगळ्या त्यांच्यात दिसत होत्या. मी त्यांना सरळ म्हटलं, "आत्याबाई, एकदा दवाखान्यात दाखवून घ्या. साखर असेल." त्या खवळल्या. "मला काय धाड भरलीय! तुझ्या माहेराचं दुखणं मला चिकटवू नको."

ठीक आहे, मी मनात म्हटलं. मग सगळ्यांच्या समोर बघू.

डोहाळेजेवण त्यांनीच घातलं. मला नको होतं, पण त्यांना हवं होतं, कारण पाच-पन्नास बायकांसमोर पानात बसलेली सून 'नको' म्हणू शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटीत गहू आणि नारळ. मोठ्या ताटात पुरणपोळी, बासुंदी, पेढे. ओसरीवर उन्हाचा पट्टा पडला होता आणि बाहेर झाडून काढलेल्या अंगणात काजळीचे तुकडे अलगद उतरत होते. आत्याबाईंची थोरली बहीण खास आली होती. शेजारच्या कमलकाकींनी दोन झाकलेल्या वाट्या आणल्या, बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा.

"आणि जे निघंल ते खायचं," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "आज नाटकं नकोत."

मी वाटीवरचा हात काढून घेतला. "खाते. पण आधी दुसरा एक खेळ खेळू." पिशवीतून यंत्र काढलं, पट्ट्या आणि नव्या सुयांची डबी काढली. "ज्या बाईची साखर नीट निघेल तिनं मला घास भरवायचा."

बायकांना गंमत वाटली. कमलकाकींनीच आधी बोट पुढं केलं. टोचलं, त्या 'आई गं' म्हणाल्या, हशा झाला. आकडा बरोबर होता. मग आणखी दोघी-तिघी झाल्या. दर वेळी नवी सुई, दर वेळी हशा. मग मी वळले.

"आत्याबाई, तुमचं बोट."

"मला न्हाई असलं काय."

त्यांची बहीणच म्हणाली, "दे की गं! मुंगी चावल्यागत तर व्हतंय. सुनंला घास भरवायचा न्हाई का?"

आत्याबाईंनी बोट दिलं. रक्ताचा थेंब पट्टीवर चढला. यंत्र आकडे मोजत असताना मी त्यांच्याकडे बघत होते, यंत्राकडे नाही. आवाज झाला तेव्हा खाली बघितलं. आकडा चारशेच्या घरात होता. मी यंत्र उंच धरलं आणि वाचून दाखवलं. माझा सकाळचा आकडाही वाचला, शंभराच्या खालचा.

कुणी हसलं नाही.

मी विचारलं, "आत्याबाई, ही साखर कुणाच्या माहेरची? तुमच्या वडलांनी लपवून दिलं का तुम्हाला?"

थोरली बहीण ताडकन म्हणाली, "ए, आमच्या घरात कुणाला न्हाई हां साखर!"

"आमच्याही नव्हती," मी म्हटलं.

आत्याबाई उठून आत गेल्या. बायकांनी भराभर जेवण उरकलं, निरोप घेतला. इथं मला वाईट वाटलं असं लिहायची पद्धत आहे. मला वाईट वाटलं नाही. मी पडवीत जाऊन माझी अर्धी भाकरी खाल्ली आणि ती मला इतकी चवदार लागली की अजून जिभेवर आहे.

संतोष त्यांना मंचरला घेऊन गेला. रक्ताची नीट तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, टाचेची मलमपट्टी सुरू झाली. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर पाय धोक्यात होता. म्हणजे माझ्या सूडानं त्यांचा पाय वाचवला. तसा माझा हेतू नव्हता, पण कुणी श्रेय दिलं तर मी नाकारतही नाही.

हंगाम संपत आला, ट्रॅक्टर कमी झाले, तोडलेल्या रानांत बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी सुटलं. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण दिवस भरायची वाट बघितली नाही, थोडं आधीच भरती करून कळा आणवल्या. ओवी जन्मली. जन्मताच एवढ्या मोठ्यानं रडली की माझ्याजवळची नर्स म्हणाली, "आवाज बघा पोरीचा!" तिच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली. ठीक निघाली. माझं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. दर वर्षी तपासत जा, पुढं पुन्हा होऊ शकते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि मी ते पाळते.

आत्याबाई बघायला आल्या. खाटेशी उभ्या राहिल्या आणि हात पुढं केले. मी ओवीला पदराखाली घेतलं.

"आधी आण्णांना भेटा. त्या दिवशी जे लोक होते त्यांच्यासमोर बोला. मग पोरगी मांडीवर देते."

"नात हाय माझी," त्या म्हणाल्या.

"आहे ना. म्हणून तर सांगते."

मी तिथूनच माहेरी गेले. दीड महिना त्यांनी ओवीला हात लावला नाही, मी लावू दिला नाही. संतोष येऊन जायचा, आईबद्दल काही बोलायला लागला की मी ओवीला त्याच्या मांडीवर द्यायचे.

बारसं आण्णांच्या अंगणात झालं. ऊन तापायला लागलं होतं, डोंगरावर करवंदांची जाळी पांढरी फुलली होती. मामा आणि चुलते मी मुद्दाम बोलावले होते. आत्याबाई जीपमधून उतरल्या, हळूहळू अंगणात आल्या. किती बारीक झाल्या होत्या! आण्णा पुढं गेले, बसायला घोंगडी अंथरली, म्हणाले, "या ताई, उन्हाच्या आलात."

आत्याबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "पावणं, मी त्या दिवशी बोलले ते खोटं व्हतं. तुमी कायबी लपवलं नव्हतं."

आण्णा गडबडले. "अवो ताई, जाऊ द्या की, उगं कशाला..."

"आण्णा, ऐकून घ्या," मी ओरडले. पाळण्यातली ओवी दचकली. "त्यांचं होऊ द्या."

"माजं चुकलं," आत्याबाई म्हणाल्या. "झालं."

मामांनी खाकरून मान हलवली. आण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मग लाज वाटून त्याच उपरण्यानं घाम पुसल्यासारखं केलं. मी ओवीला उचललं आणि आत्याबाईंच्या हातात दिलं. माझं पोट भरलं. लोक म्हणतात सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळालं.

आता आत्याबाईंना गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन आहे. डोळ्यांनी अंधुक दिसतं म्हणून सुई मीच टोचते. चूल कधीच एक झाली, पण त्यांच्या ताटात काय आणि किती, ते मी ठरवते. दारावरून रसाची गाडी गेली की त्या माझ्याकडे बघतात आणि मी 'नाही' म्हणते. हे 'नाही' म्हणायला मला आवडतं.

भोंगा वाजला त्या दुपारी मी त्यांना सुई टोचून उठत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पयल्याचं तोंड तू बघितलं न्हवतंस ना?"

नव्हतं बघितलं. मी तेव्हा शुद्धीवर नव्हते, आणि शुद्धीवर आले तोवर त्याला घेऊन गेले होते. संतोषला कपड्यात गुंडाळलेलाच दिला होता. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी उघडून बघितला व्हता," आत्याबाई म्हणाल्या. "कान तुझ्या बापागत. मोठं, बाहेर आलेलं."

माझ्या हातात सुई तशीच होती. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतकी वर्षं हे यांनी एकटीनं जवळ ठेवलं. ज्या नातवासाठी आण्णांना बोल लावला, त्याच नातवाला आण्णांचे कान होते, आणि ते माहीत असताना बोल लावला. आणि आमच्या साऱ्या घरात कपडा उघडून माझ्या लेकराचं तोंड बघितलेलं माणूस हे एवढंच.

मी पुन्हा खाली बसले.

"केस होते?" मी विचारलं.

"लई. काळंभोर. कपाळावर आलं व्हतं."

"अजून सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा. आठवंल ते सगळं."